ताणा धरणारा नट

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी.

‘आवडत्या नटावर दहा मिनिटं बोला’ असा निरोप आला तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. अशोक सराफ. लहानपणापासून तेच आहेत, आणि आता पन्नाशीत काही बदलेल असं वाटत नाही.

मी बेळगावची, त्यातही शहापूरची. अशोकमामांचा जन्म ४ जून १९४७ चा, मुंबईचा. वाढले चिखलवाडीत. पण सराफांचं घराणं मूळ बेळगावचं, आणि आमच्या गल्लीला एवढा धागा पुरेसा होता. आमच्या शेजारी कानडी अक्का राहायच्या. मराठी समजायचं सगळं, बोलायच्या अडखळत. पडद्यावर मामा आले की अक्का शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायच्या, ‘नम्मूर हुडुग री!’ म्हणजे आमच्या गावचा पोरगा हो. आम्ही त्यांच्याबरोबर राजकुमारांचे कानडी सिनेमे बघायचो, त्या आमच्याबरोबर मराठी. सीमाभागाबद्दल बाहेर बरंच बोललं जातं. माझ्या आठवणीत सिनेमाच्या बाकावर अक्कांच्या पिशवीतले शेंगदाणे आहेत.

आमच्या घरात दोन माग होते. शहापूर-वडगावात तेव्हा गल्लीभर मागांचा खडखडाट असायचा. लाईट गेली की माग बंद, आणि माग बंद म्हणजे आप्पा, माझे वडील, मोकळे. थिएटरला जनरेटर होता. त्यामुळे गल्लीत अंधार झाला की आमची वरात सिनेमाला. ‘अशी ही बनवाबनवी’ आम्ही असाच पाहिला. १९८८ चा सिनेमा, सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन. पुढं किती वेळा पाहिला त्याचा हिशेब राहिला नाही.

त्यातला सत्तर रुपयांचा प्रसंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. घरमालक सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, औषधासाठी दिलेल्या पैशांची चौकशी करतात. ज्याच्याकडून औषध यायचं तो मित्र वारल्याचं धनंजय माने, म्हणजे आपले मामा, सांगतो, आणि त्याच दुखवट्याच्या आवाजात ते सत्तर रुपयेही वारल्याचं सांगतो. आता पुन्हा बघाल तेव्हा मामांचा चेहरा बघा. विनोद करतोय याची एक रेघ त्या चेहऱ्यावर नाही. पैसे गेल्याचं खरंच दुःख आहे. तिथं डोळा जरासा बारीक केला असता तरी प्रसंग पडला असता. लोक वाक्य लक्षात ठेवतात; मला तो धरलेला चेहरा मोठा वाटतो.

आणि ती लिंबू कलरची साडी! माधुरी मॅडमनी कधी कुठली साडी नेसली होती ते या माणसाच्या ध्यानात आहे. थिएटर हसत होतं. आप्पा हसले नाहीत. घरी येताना म्हणाले, ‘बाईनं नेसलेली साडी बघणारा पुरुष पहिल्यांदा बघितला. आम्ही विणतो, पण बघतंय कोण?’ मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. आज तो प्रसंग लागला की मला मामांच्या आवाजातला हळुवारपणा ऐकू येतो. सगळ्या फसवाफसवीच्या गोष्टीत तेवढं एक वाक्य तो खरं बोलतोय. अश्विनी भावेंच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते म्हणूनच पटतं.

आप्पांचं एक मत होतं, आणि मी आज तेच घेऊन उभी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे आमच्या घरात सगळ्यांचे लाडके. मी एकदा विचारलं, दोघांत मोठा कोण? आप्पांनी मागाकडं बोट दाखवलं. ‘लक्ष्या बाणा हाय. रंग त्याचा, नक्षी त्याची. अशोक ताणा. उभा ताणलेला. तो दिसत नाही, पण तो सैल झाला तर नक्षी उठेल काय की?’ ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: ताणा म्हणजे आधी ताणून लावलेले उभे धागे, बाणा त्यांतून आडवा फिरतो. दिवसभर हात ताण्यावरच असतो. एक धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारायची, मग पुढं.

मामांचे सिनेमे मी तेव्हापासून असे बघते. ‘पांडू हवालदार’ १९७५ चा, आम्ही नंतर कधीतरी जुनी प्रिंट लागली तेव्हा पाहिला. दादा कोंडक्यांसमोर भलेभले झाकले जायचे. हा स्टेट बँकेत नोकरी करणारा पोरगा सखाराम हवालदार होऊन त्यांच्यासमोर उभा राहतो, त्यांना हवा तिथं चेंडू देतो आणि तरी स्वतः पुसला जात नाही. रंजनाबरोबरचे ‘गोंधळात गोंधळ’, ‘बिनकामाचा नवरा’ बघा. ती बाई काय ताकदीची होती! मामा तिला पूर्ण जागा सोडतात. नायक असून मागं सरकायचं, हे फार थोड्यांना जमलं.

‘कळत नकळत’ (१९८९) मला वेगळ्या कारणानं जवळचा. घर मोडायला आलेलं, मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली, आणि ‘नाकावरच्या रागाला’ हे गाणं मामांनी स्वतःच्या आवाजात म्हटलंय. गायकाचा आवाज नाही तो. घरातल्या माणसाचा आहे, म्हणून तर आम्ही ते आमच्या पोरींना झोपवताना म्हटलं.

सगळंच आवडलं असं नाही. ‘धूमधडाका’त पाईप ओढताना लागलेल्या ठसक्यातून त्यांनी जे काढलं ते त्या क्षणाचं सोनं होतं. पुढं मात्र कित्येक निर्मात्यांनी त्यांच्याकडून तेवढंच मागितलं: चेहरा वाकडा करा, ओरडा, धावा. नव्वदीतले असे बरेच सिनेमे मी अर्ध्यात सोडले. मामा कमी पडले असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहायला लिहिलेलं माणूसच नसायचं. बाणाच नाही तर ताणा काय करेल? हिंदीनं तर त्यांना मुनशी आणि हवालदारापलीकडं नेलंच नाही. ‘करण अर्जुन’मधला मुनशी लोकांना आवडतो, मला बघवत नाही. इतका ऐवज घरात असून कुणी त्याचा उंबरठा करावा, तसं वाटतं. टीव्हीवरच्या ‘हम पाँच’नं थोडी भरपाई केली. पाच पोरींच्या गोंधळात मधे बसलेला तो बाप! अक्कांच्या घरी त्या वेळी कानडी, मराठी, हिंदी असा सगळा कालवा असायचा आणि मालिका लागली की चिडीचूप.

महाराष्ट्र भूषण आणि २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा दोन्ही वेळा मी इथून घरी फोन लावला. आप्पा आता नीट ऐकत नाहीत, आईनं ओरडून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘उशीर केला.’ मलाही तसंच वाटतं. आमच्या मराठी माणसाला हसवणाऱ्याचा मान उशिरा आठवतो. रडवणाऱ्याला आपण लवकर थोर म्हणतो.

आता आजचा सिनेमा. कार्यकारिणीत ‘बनवाबनवी’ लावायचं ठरत होतं. मी हट्टानं ‘चौकट राजा’ मागून घेतला, त्याबद्दल तरुण मंडळींनी मला माफ करावं. १९९१ चा, संजय सूरकरांचा. नंदू झालेत दिलीप प्रभावळकर, आणि ते काम इतकं मोठं आहे की पहिल्यांदा बघताना दुसरं कुणी दिसत नाही. दिसूही नये. पण इथल्या बहुतेकांनी तो आधी पाहिलाय. म्हणून एक विनंती करते. नंदूच्या पाठीशी चाळीतला एक गणा आहे, मामांनी केलेला. नंदू बोलत असेल, हसत असेल, कोसळत असेल, तेव्हा दोन क्षण नजर काढून त्या गणाकडं बघा. तो काय करतोय, हात कुठं ठेवतोय, कसा ऐकतोय.

चहा मागच्या टेबलावर आहे. पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी सोडा, आणि दिवे घालवायच्या आधी मुलांना आत घ्या.