लाल बावटा नसलेली बोट

(भायखळा, अग्निशमन दलाचं मुख्यालय. स्मारकासमोर सलामी.)

दर १४ एप्रिलला इथे बिगुल वाजतो.

(जुने फोटो. बंदर, धक्का, क्रेन.)

१९४४ साल, युद्धाचा काळ. 'फोर्ट स्टिकिन' ही मालवाहू बोट कराचीहून मुंबईत आली, १२ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच शेजारी, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दारूगोळा असलेल्या बोटीने बंदरात लाल बावटा लावायचा, हा नियम. या बोटीवर तो नव्हता. दोन दिवस ती तशीच उभी होती.

(आजचे जवान. होज उलगडतात, कपलिंग जोडतात, पाणी सुटतं.)

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मालाच्या कोठीतून, धूर दिसला. वर्दी गेली, बंब आले. बंबवाल्याला पहिलं काय लागतं? आग नेमकी कुठे आहे ते. इथे दिसत होता फक्त धूर. दाबून बांधलेली कापसाची गासडी आतल्या आत धुमसते. वरून कितीही पाणी मारा, ते गाभ्यापर्यंत पोचत नाही. होजवर होज जोडले गेले. ९०० टनांहून जास्त पाणी आत गेलं आणि तेच पाणी उकळू लागलं. धूर इतका, की आगीचं तोंड शेवटपर्यंत सापडलं नाही. आत काय भरलंय हे एव्हाना धक्क्यावर कळलं होतं. बोट बुडवावी की बाहेर समुद्रात ओढून न्यावी, यावर साहेबलोकांची चर्चा चालली होती. होज धरलेल्यांना त्यात कोण विचारतो!

३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडून जायचा हुकूम निघाला.

(घड्याळ. मग धुराचा लोट.)

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

(फोटो, निवेदन नाही. दहा सेकंद.)

शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली, आसपासच्या बोटी बुडाल्या, गोदामं जळाली. शिमल्याच्या भूकंपमापकावरही या हादऱ्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण परतले नाहीत.

(गाळ उपसणारं यंत्र.)

बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या. मुंबईत या स्फोटाचा विषय काढा, सगळे आधी त्या सोन्याचंच सांगतात: अमक्याच्या छपरातून वीट पडली, तमक्याला गाळात सापडली. त्यातलं काही खरंही आहे. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा निघत राहिल्या. धक्का मोकळा करायला मात्र आठ हजार माणसं सात महिने राबली.

(शाळेच्या मैदानात आग विझवण्याचं प्रात्यक्षिक. मुलांच्या टाळ्या.)

१४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. शाळांत, कारखान्यांत, सोसायट्यांत अशी प्रात्यक्षिकं होतात. ही तारीख व्हिक्टोरिया डॉकमधल्या त्या दुपारची आहे, हे तिथे सहसा कुणी सांगत नाही.