गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी २०१० सालची एक छोटी ऑटोमॅटिक गाडी आहे. आईचे गुडघे क्लच दाबू देईनात, म्हणून घेतलेली. गेल्या वर्षी जूनमध्ये साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर वाहतूक तुंबली आणि थांबत-थांबत पुढे सरकताना गाडी दर वेळी धाडकन झटका मारू लागली. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. फोरमननं एक चक्कर मारली, बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आणि निकाल दिला: "ताई, ऑटोचा गिअरबॉक्स गेला. सत्तर-ऐंशी हजार धरून चाला, नाहीतर विकून मोकळ्या व्हा."

गिअरबॉक्स गेला नव्हता. काय झालं होतं ते सांगतेच, पण आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू.

ताक घुसळताना रवीबरोबर ताकही गरगर फिरतं. त्या फिरत्या ताकात दुसरं पातं धरलं, तर रवीला न शिवताही ते फिरू लागेल. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं. रवी इंजिनाची, पातं गिअरबॉक्सचं आणि ताक म्हणजे एटीएफ, ते पातळ तांबडं तेल. गिअर बदलायला आतल्या क्लच प्लेटा दाबायच्या असतात, तेही याच तेलाच्या दाबानं. थंडावा देणारं तेच, वंगण तेच. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आला, तेव्हापासून ही मूळ कल्पना टिकून आहे. तेल मात्र बदललं. एके काळी त्यात देवमाशाचं तेल मिसळत असत!

एक खुलासा. आपल्याकडे २०१४ पासून मारुतीच्या सेलेरिओमुळे रुळलेला एएमटी हा प्रकार वेगळा. तो साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. गिअरच्या पायऱ्याच नसलेल्या सीव्हीटीचंही गणित निराळं. मी बोलतेय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल.

तर पहिली तपासणी तेलाची. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून धरा, लिव्हर सगळ्या खुणांवरून फिरवून पार्कमध्ये आणा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच तेलाची पातळी दाखवणारी दांडी बघायची असते. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलट: इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत. म्हणून मॅन्युअल वाचा, शेजाऱ्याचं ऐकू नका. काही गाड्यांना दांडीच नसते, त्या लिफ्टवर घ्याव्या लागतात.

दांडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. तांबडा असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर तेल म्हातारं झालंय. काळा, करपलेल्या वासाचा आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागणारा असेल, तर क्लच प्लेटा झिजून तेलात उतरल्यात. आणि गुलाबी, दुधाळ, मिल्कशेकसारखा असेल, तर गाडी चालवूच नका. अनेक गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीतून जाते. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलं की ती आतून गंजते आणि पाणी तेलात शिरतं.

आता लक्षणं. सकाळी लिव्हर डीवर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकल्यावर गाडीनं सेकंदभरात ओढ घ्यायला हवी. दोन-तीन सेकंद विचार करत बसली, तर तेल कमी आहे किंवा आतली सीलं कडक झालीत. इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा चढतोय, वेग मात्र जागच्या जागी, म्हणजे प्लेटा घसरतायत. साठच्या आसपास गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते, तेव्हा ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकला किंचित पाय लावून बघा, अर्थात रिकाम्या रस्त्यावर. थरथर क्षणात थांबली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकवर, म्हणजे वेगात रवी आणि पातं थेट जोडणाऱ्या क्लचवर. थांबली नाही, तर आधी प्लग आणि कॉइल तपासा. इंजिनाचं खोकणं गिअरबॉक्सच्या नावावर खपतं, ते असं. फोरमननं गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला नसेल, तर लावायला सांगा.

आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त झटका. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला सीटवर बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेक घट्ट दाबून डी, मग आर (रिव्हर्स) टाकायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभा राहून बघत बसला. (समोर उभं राहायचं नाही, कधीच नाही.) दर वेळी अख्खं इंजिन वीतभर उसळत होतं. "फाउंडेशन गेलंय," तो म्हणाला. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्यातली एक फाटली होती. साडेतीन हजारांत काम झालं.

त्यानं दांडीही बघितली. तेल चहासारखं. मला कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या ऑटोचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो. तो हसला. प्लेटा आधीच संपल्यावर शेवटचा उपाय म्हणून लोक तेल बदलतात आणि दोष नव्या तेलाला देतात. आमच्या प्लेटा धड होत्या. मात्र खालचा बोल्ट सोडून निम्म्याहून कमीच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. मशीन लावून दाबानं धुण्यापेक्षा त्यानं दोन-दोन महिन्यांनी तीनदा बदललं, मॅन्युअलमधल्याच नंबरचं तेल घालून.

जाता जाता दोन गोष्टी. ही गाडी धक्का मारून चालू होत नाही. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर चाकांशी जोड नाही. म्हणून बॅटरीकडे लक्ष ठेवा. टो करतानाही गिअरबॉक्सला जोडलेली चाकं जमिनीवर फिरत नेऊ नका, कोरडा गिअरबॉक्स तिथेच जळतो. आणि घाट उतरताना लिव्हर दोनवर किंवा एलवर, म्हणजे खालच्या गिअरवर घ्या, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडते. प्रत्येक वेळी तेल बदलण्याआधी तिनं दांडीवरचा एक थेंब तिथे टिपून ठेवला. जूनच्या पानावर चहासारखा, ऑगस्टच्या पानावर विटकरी. ऑक्टोबरचा पुसट तांबडा, दसऱ्याच्या चौकटीशेजारी.