रंकाळ्याच्या खाणीकाठचा राजवाडा

पाण्याच्या पलीकडं झाडांच्या मागनं वर आलेला हा मनोरा, रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकरानं बघितलेला आहे. शालिनी पॅलेस. 1931 ते 1934 या काळात बांधला, खर्च आला त्या वेळचे 8 लाख रुपये, आणि नाव दिलं राजकन्या शालिनीराजेंचं. पुढं 1987 साली त्याचं हॉटेल झालं आणि राजवाड्यातलं स्टार हॉटेल म्हणून बाहेरच्या लोकांनाही ते माहीत झालं. इथपर्यंतची माहिती बऱ्याच जणांना असते, पण आमचं म्हणणं असं की या हॉटेलची गोष्ट 1931 पासनं सुरू केली तर अर्धी राहते, कारण ज्या पाण्यासाठी इथं राजवाडा बांधला त्या पाण्याच्या जागी आधी खाण होती. दगडाची खाण.

आपल्याकडं खाण म्हटलं की लोकांना कोळसा नाहीतर सोनं आठवतं, फार तर राधानगरीकडचं बॉक्साइट. पण कोल्हापूरचं जुनं खाणकाम हे काळ्या दगडाचं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, थंड झाला आणि त्यातनं हा बेसाल्ट तयार झाला, सह्याद्री पण त्याचाच. जड, घट्ट, छन्नीला दाद न देणारा, पण एकदा घडवला की शेकडो पावसाळे खातो आणि घासून पॉलिश केला तर आरशासारखा चमकतो. अंबाबाईच्या देवळाचा दगड रंकाळ्याच्या खाणीतनं गेला असं कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. मग आठव्या-नवव्या शतकात कधीतरी मोठा भूकंप झाला, खाणीच्या तळाला झरे फुटले आणि खड्डा पाण्यानं भरला, अशी हकीकत सांगतात. रंकाळा हे नाव पडलं ते रंकभैरव या देवावरनं. पाणी खाली गेलं की तलावातला संध्यामठ, म्हणजे जुनी दगडी वास्तू, उघडा पडतो, तेव्हा काठावर उभं राहून त्याचे दगडी खांब नीट बघा, घडीव काम म्हणजे काय ते कळतं.

हा दगड काढायचे कसा, ते जरा निवांत सांगतो, कारण पुढच्या सगळ्या थाटाच्या मुळाशी हेच काम आहे. पाथरवट आधी दगडावर हातोडी मारून नुसतं ऐकतो. खणखणीत वाजला तर दगड पक्का, बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, तो सोडून द्यायचा. मग कुठनं फोडायचा ती रेघ ठरवायची आणि त्या रेघेवर छन्नीनं ओळीनं खाचा पाडायच्या, नुसत्या खाचा पाडण्यातच वेळ जायचा कारण हा दगड मऊ नाही, छन्नीचं टोक सारखं बोथट होतं आणि परत परत भट्टीत तापवून धार काढून आणावं लागतं. प्रत्येक खाचेत पाचर बसवायची. आणि मग घण. एकाच पाचरीवर ताकद लावायची नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक घाव देत जायचं, परत पहिल्यापासनं, परत, की सगळ्या पाचरांचा ताण सारखा झाला पाहिजे. एका क्षणी आवाज बदलतो आणि एवढी मोठी शिळा रेघेवर सरळ उकलते. पाथरवट आणि वडार समाजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या हे काम केलं, उन्हातान्हात, डोळ्यात कपऱ्या उडत असताना.

आता 1931. गादीवर शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज. कोल्हापूर तेव्हा काय जोरात होतं बघा, बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमाचा पाया घातलेला, 1929 ला प्रभात कंपनी इथंच निघाली, 1932 ला पहिला मराठी बोलपट याच गावात तयार झाला आणि 1933 ला प्रभात पुण्याला गेली. म्हणजे गावात एकीकडं कॅमेरे फिरत होते आणि त्याच वर्षांत रंकाळ्याच्या पश्चिम काठावर हा वाडा उभा राहत होता. नवा राजवाडा त्याच्या आधीचा, 1877 ते 1884 चा, चार्ल्स मँटनं डिझाइन केलेला, तो दरबारी थाटाचा आहे. शालिनी पॅलेसची मजा वेगळी, तो पाण्याकडं तोंड करून निवांत बसलाय. काळ्या दगडाच्या कमानी, त्यात बेल्जियमची काच, इटालियन संगमरवर, लाकडी दारांच्या काचांवर कोल्हापूर संस्थानचं राजचिन्ह कोरलेलं. कौतुक नेहमी काचेचं आणि संगमरवराचं होतं, कारण ते लांबनं आलं. आम्हाला विचाराल तर त्या वाड्याचा जीव त्या काळ्या दगडात आहे.

पुढं 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1971 साली घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि देशभरातल्या राजघराण्यांसमोर एकच प्रश्न आला की एवढाल्या इमारती सांभाळायच्या कशा. जयपूरच्या रामबागनं तर 1957 लाच हॉटेलचा रस्ता धरलेला. कोल्हापुरात तो निर्णय 1987 ला झाला.

काही लोकांना अजून वाटतं की राजवाड्याचं हॉटेल करणं म्हणजे कमीपणा. आम्हाला बिलकुल तसं वाटत नाही. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला माहीत आहे की कुलूप लावून ठेवलेल्या वाड्याचं काय होतं, आधी सांध्यात शेवाळ, मग पिंपळाचं रोप, मग त्याचं मूळ दगड बाजूला सारतं आणि दहा-वीस वर्षांत भिंत फुगते. रोज दारं उघडली, फरशी पुसली, गळती दिसली की गवंडी पकडून आणला, तर वास्तू टिकते. हॉटेलमुळं ते शक्य झालं आणि जिथं फक्त राजघराण्यातली माणसं वावरायची तिथं साधा माणूस खोली घेऊन रंकाळ्याकडं बघत चहा पिऊ शकला, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते. सिनेमावाल्यांनी पण शूटिंगसाठी हा वाडा भरपूर वापरला.

फक्त एक आहे, वाड्याची किंमत समोरच्या पाण्यावर आहे. रंकाळ्यात सांडपाणी गेलं, केंदाळ म्हणजे जलपर्णी माजली, पाणी हिरवं होऊन वास सुटला, ते दिवस गावानं बघितलेत आणि त्यासाठी कोल्हापूरकर रस्त्यावर पण उतरलेत. तलाव राखला नाही तर काठावरची एकही इमारत बघण्यासारखी राहणार नाही, मग ती कितीही लाखांची असू दे.

आणि शेवटची गोष्ट. महाराजांचं नाव आपल्याला माहीत आहे, राजकन्येचं माहीत आहे, पण त्या कमानीचे दगड कुणी घडवले त्यांची नावं आपल्या तोंडी नाहीत. 1931 ते 34 म्हणजे काही फार लांबचा काळ नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं इथंच आसपास असणार. तुमच्या घरातलं कुणी शालिनी पॅलेसच्या दगडकामावर होतं, सुतारकामावर होतं, किंवा 1987 नंतर हॉटेलच्या किचनमध्ये, बागेत, रिसेप्शनला कामाला होतं, तर आम्हाला कळवा, आम्ही कॅमेरा घेऊन घरी येतो. जुना फोटो असेल, हजेरीचा कागद असेल, आजोबांची छन्नी जरी जपून ठेवली असेल तरी दाखवा, पुढचा भाग आम्हाला त्यांच्यावरच करायचाय.