बोटातला उजेड, समुद्रातला उजेड

(रत्नागिरीत विज्ञानाच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि समुद्राच्या पाण्याचा रंग टिपणारा इस्रोचा ओशनसॅट-3 उपग्रह मी आज मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढतात. दोघांची अडचणही एकच: हवी ती खूण बारीक, आणि तिच्याभोवतीचा नको असलेला उजेड प्रचंड.

ऑक्सिमीटरमध्ये 660 नॅनोमीटरचा तांबडा आणि 940 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा आळीपाळीने लागतो. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन तांबडा उजेड जास्त शोषतं, ऑक्सिजन घेतलेलं अवरक्त. पण कातडी, हाड, शिरेतलं रक्त हेही उजेड शोषतातच. मग धमनीतलं रक्त वेगळं ओळखायचं कसं? ठोक्यासरशी धमनी फुगते, तेवढाच भाग खालीवर होतो. तो जेमतेम एक-दोन टक्के! जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास नेमका हाच बदलता भाग धरला. प्रत्येक रंगाचा बदलता भाग त्याच्याच स्थिर भागाने भागायचा, मग तांबड्याचं उत्तर अवरक्ताच्या उत्तराने. गुणोत्तर 0.5 आलं तर ऑक्सिजन साधारण 97 टक्के, 1 आलं तर 85. हात हलला की दोन्ही रंगांत सारखाच गोंधळ शिरतो, गुणोत्तर 1 कडे सरकतं आणि धडधाकट माणसाचाही आकडा 85 कडे ओढला जातो.

कोकणात हे जिवावरचं प्रकरण आहे. लाल विंचवाने नांगी मारली की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर रुजवलेलं प्राझोसिन हे औषध त्या आवळण्यावरच काम करतं. अशा रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणजे ऑक्सिजन मोजण्याची निकड सर्वांत जास्त, तेव्हाच बोटातली खूण सर्वांत क्षीण. हात ऊबदार करा, नेलपॉलिश पुसा, बोट शेवटपर्यंत आत घाला, मिनिटभर स्थिर ठेवा. पडद्यावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का पाहा. जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा धरू नका, आणि त्याच्यासाठी रुग्णाला दवाखान्यात न्यायचं खोळंबवू नका.

बंद खोलीत शेगडीचा किंवा जनरेटरचा धूर घेतलेल्या माणसाचा आकडा तर साफ फसवा. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं.

आता समुद्र. वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, 443 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड शोषतात, 555 जवळचा हिरवा फारसा शोषत नाहीत. या फरकावरून हरितद्रव्य मोजतात. पण उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या उजेडातला सुमारे 90 टक्के हवेतच विखुरलेला असतो. तो वजा करताना स्वच्छ खोल पाणी अवरक्तात काळं दिसतं असं धरतात. तिथे जो उजेड दिसेल तो हवेचा. वाशिष्ठी, सावित्रीच्या मुखाशी हे गृहीतक कोसळतं. गढूळ पाणी अवरक्तातही चमकतं, हवेचा वाटा फुगतो, निळा उजेड गरजेपेक्षा जास्त वजा होतो आणि नसलेलं हरितद्रव्य नकाशावर उगवतं. पाचोळ्याचा तपकिरी अर्क निळा खातो, त्याने चूक आणखी वाढते.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे बहुतेक दिवस चित्रच मिळत नाही. 30 जुलै 2025 ला सोडलेल्या निसार उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं. पूर आणि खचणारे उतार मोजायला ते उत्तम. पाण्याचा रंग मात्र त्याला दिसत नाही.

म्हणून खाडीमुखाशी हरितद्रव्याचा गडद पट्टा दिसला, तर तोच भाग पृष्ठतापमानाच्या नकाशावर तपासा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे मिळण्याची संभाव्य ठिकाणं ठरवताना दोन्ही नकाशे पाहते. तापमानाच्या नकाशात तिथे गार आणि कोमट पाण्याची सीमारेषा नसेल आणि पट्टा नदीच्या मुखालाच चिकटलेला असेल, तर तो बहुधा गाळाचा समजा.