शेरा : प्रलंबित

[काचेचं कपाट, आत ओळीनं मांडलेली पिस्तुलं. काउंटरवर एक कोरा फॉर्म आणि बॉलपेन.]

शनिवार, ११ एप्रिल २०१५. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं वेस्ट कोलंबिया हे गाव. बंदुकांच्या एका दुकानात २१ वर्षांचा एक तरुण येतो. .४५ कॅलिबरचं ग्लॉक पिस्तूल पसंत करतो आणि फॉर्म भरायला बसतो.

या तरुणाचं नाव आम्ही या निवेदनात घेणार नाही. पुढे त्यानं ज्यांचा जीव घेतला, त्यांची आठवण राहिली तर पुरे. आम्हाला पाहायचा आहे तो कागद. तो कागद कुठून कुठे गेला, कुठे अडला, आणि अडलेला असतानाच दुकानातून पिस्तूल बाहेर कसं पडलं.

[फॉर्म जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

या फॉर्मचा क्रमांक ४४७३. परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्या अमेरिकेतल्या बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकाला हा भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव, उंची, वजन. मग प्रश्न सुरू होतात आणि प्रत्येकापुढे दोनच चौकटी : हो किंवा नाही. ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का? तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला चालू आहे का? शिक्षा झाली आहे का? बायकोला किंवा घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरला आहात का? कोर्टानं कधी मनोरुग्णालयात पाठवलंय का? बेकायदा अमली पदार्थ घेता का? या शेवटच्या प्रश्नाखाली २०१६ नंतरच्या फॉर्मवर ठळक सूचना असते, की तुमच्या राज्यात गांजाला परवानगी असली तरी केंद्राच्या कायद्यात तो अजूनही बेकायदाच आहे.

आणखी एक प्रश्न आपल्या माणसांना थेट लागू पडतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या इंजिनिअरला सहसा बंदूक विकत घेता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना कायद्यानं ती मनाई आहे. शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई उठते.

खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा आहे. पण शेवटी फॉर्म म्हणजे भरणाऱ्याचा शब्द. तो पडताळायला दुकानदार फोन उचलतो किंवा संगणकावरून माहिती पाठवतो. ती जाते वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला. तिथे एफबीआयचं पडताळणी केंद्र आहे, ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू असलेलं. काही राज्यं स्वतःची पडताळणी स्वतः करतात, साउथ कॅरोलायनाची मात्र इथेच होते. नाव आणि जन्मतारीख देशभरच्या गुन्ह्यांच्या, वॉरंटांच्या आणि मनाई असलेल्या माणसांच्या नोंदींशी जुळवून पाहतात. दहांतल्या नऊ गिऱ्हाइकांचं उत्तर ती काउंटरवर उभी असतानाच येतं.

उत्तरं तीनच : द्या. देऊ नका. थांबा.

आपल्या तरुणाला उत्तर मिळालं, थांबा.

[भिंतीवरचं कॅलेंडर : एप्रिल २०१५.]

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. ‘थांबा’ असं उत्तर आलं की कायद्याचं घड्याळ सुरू होतं. कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात केंद्राकडून ‘देऊ नका’ आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा आहे. सक्ती नाही, मुभा. पडताळणी पुरी झालेली नसते, शंका फिटलेली नसते, फाईलवर ‘प्रलंबित’ असाच शेरा असतो. तरीही व्यवहार कायदेशीर.

आपल्याकडे याच्या अगदी उलट आहे. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो, आधी परवाना, मग बंदूक. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे, चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यातून. कोकणात वानर आणि रानडुकरांपासून बाग राखायला बंदूक मागणारा शेतकरीसुद्धा याच वाटेनं जातो. हेलपाटे पडतात, अर्ज महिनोन्महिने भिजत पडतो, याबद्दलची ओरड खोटी नाही. पण अर्ज पडून राहिला, तर बंदूकही दुकानातच पडून राहते. उशिराचा भार अर्जदारावर. अमेरिकेत तोच भार सरकारवर टाकलेला आहे आणि सरकारला तो पेलला नाही, तर तो कुणावर पडतो, हे सांगणारी ही फिल्म आहे.

[जुनं चित्रण : वॉशिंग्टन, एका हॉटेलबाहेर धावपळ.]

हे तीन दिवस आले कुठून? ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये गोळीबार झाला. रेगन वाचले. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली. तेही वाचले, पण अपंगत्व आयुष्यभरासाठी आलं. हल्लेखोरानं ते रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून घेतलं होतं. तेव्हाही फॉर्म होताच. पण फॉर्मवर लिहिलेलं खरं की खोटं, हे विकण्याआधी तपासणारी देशभराची यंत्रणा नव्हती.

सेरा ब्रेडी, जेम्स यांच्या पत्नी, कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ब्रेडी कायद्यावर सही केली तेव्हा जेम्स शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. सुरुवातीला पिस्तुलासाठी पाच दिवस थांबावं लागे. १९९८ साली संगणकी पडताळणी आली आणि ते पाच दिवस गेले. उरली फक्त अडलेल्या प्रकरणांसाठीची तीन दिवसांची मुदत. जेम्स ब्रेडी ऑगस्ट २०१४ मध्ये गेले. शवविच्छेदनानंतर त्यांच्या मृत्यूची नोंद खून म्हणून झाली, ३३ वर्षांपूर्वीच्या त्या गोळीमुळे.

या मुदतीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बंदूक बाळगणं हा तिथे राज्यघटनेनं दिलेला हक्क मानला जातो. सरकारनं नुसती फाईल दाबून ठेवली तर तो हक्क कागदावरच राहील, अशी त्यांची भीती आहे. शिवाय नामसाधर्म्य असतंच. एखाद्या गुन्हेगाराचं नाव आणि तुमचं नाव जुळलं, की दर खरेदीला ‘थांबा’. अशा लोकांसाठी एफबीआयकडे वेगळा अर्ज करून स्वतःचा खास क्रमांक मिळवण्याची सोय करावी लागली. आणि ज्या बाईला नवऱ्यानं जिवे मारायची धमकी दिली आहे, तिनं किती दिवस थांबायचं? हा प्रश्नही खरा आहे. पण या सगळ्याचं उत्तर पडताळणी लवकर करणं हे आहे. पडताळणी न होताच ती झाली असं धरून चालणं हे उत्तर कसं होईल?

[फॅक्स मशीन. कागद हळूहळू बाहेर येतो.]

सोमवार, १३ एप्रिल. क्लार्क्सबर्गला एका तपासनीस बाईंच्या टेबलावर हे प्रकरण आलं. संगणकावर त्यांना दिसलं, की या तरुणाला दीड महिन्यापूर्वी अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली होती. नुसत्या अटकेवरून बंदूक नाकारता येत नाही. शिक्षा झालेली हवी, नाहीतर तो अमली पदार्थ घेतो याचा पुरावा हवा. तो पुरावा पोलिसांच्या अहवालात असणार. मग अहवाल मागवायचा, पण कुणाकडून?

अटकेच्या नोंदीत नाव होतं लेक्सिंग्टन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाचं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तपासनिसांनी तिथे फॅक्स केला. उत्तर आलं, हे प्रकरण आमचं नाही, कोलंबिया शहर पोलिसांना विचारा. कोलंबिया शहर बहुतांश शेजारच्या रिचलँड काउंटीत येतं. तपासनिसांच्या हातात संपर्काची जी यादी होती, तिच्यात लेक्सिंग्टनखाली कोलंबिया पोलिसांचं नावच नव्हतं. होतं वेस्ट कोलंबिया पोलिसांचं. नाव जवळपास तेच. त्यांनी तिकडे विचारलं. त्यांच्याकडे अशी नोंद नव्हती, आणि ती असणारही नव्हती.

खरा अहवाल कोलंबिया पोलिसांच्या दप्तरात होता. आपल्याजवळ अमली पदार्थ होते, अशी या तरुणाची कबुली त्यात लिहिलेली होती. तो कागद वेळेत मिळाला असता तर उत्तर ‘देऊ नका’ असं गेलं असतं.

पुढचं ऐकताना जीव तुटतो. तोच अहवाल एफबीआयच्या स्वतःच्या दुसऱ्या एका डेटाबेसमध्ये उपलब्ध होता. पण बंदुकांची पडताळणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो डेटाबेस उघडण्याची परवानगी नव्हती.

त्या तपासनीस बाईंना दोष देणं सोपं आहे. आम्ही देत नाही. त्यांच्यापुढे अशा प्रकरणांचा ढीग होता आणि प्रत्येकाची मुदत वेगळी पळत होती. मंगळवार गेला, बुधवार गेला. तीन दिवस भरले.

गुरुवार, १६ एप्रिल. शेरा : प्रलंबित. तरुण दुकानात आला आणि पिस्तूल घेऊन गेला. दुकानदारानं कायदा मोडला नाही. वॉलमार्टसारखी मोठी साखळी स्पष्ट ‘द्या’ आल्याशिवाय बंदूक देत नाही, असा नियम तिनं आपणहून घालून घेतला होता. पण कायदा तसं करायला कुणालाच सांगत नव्हता.

[पांढरं उंच शिखर असलेलं चर्च. संध्याकाळ.]

बुधवार, १७ जून २०१५. चार्ल्सटन शहर, कॅलहून स्ट्रीट. मदर इमॅन्युएल म्हणून ओळखलं जाणारं कृष्णवर्णीयांचं हे चर्च. गुलामगिरीच्या काळात ज्यांनी ते उभं केलं, त्यांचा वारसा सांगणारं. तळघराच्या सभागृहात बुधवारचा बायबलचा पाठ चालू होता. एक अनोळखी गोरा तरुण आला. त्यांनी त्याला बसायला जागा दिली. जवळजवळ तासभर तो त्यांच्यात बसून होता. मग सगळे प्रार्थनेला डोळे मिटून उभे राहिले.

नऊ जण गेले. त्यांत चर्चचे पास्टर आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. सगळ्यात ज्येष्ठ आजी ८७ वर्षांच्या होत्या.

पिस्तूल दुकानातून बाहेर पडून त्या दिवशी ६२ दिवस झाले होते. त्या ६२ दिवसांत पडताळणी पुरी झालीच नाही. मुदत टळल्यावरही केंद्राला तपास चालू ठेवता येतो, आणि उशिरा मनाई निघाली तर विकलेली बंदूक परत आणायला दुसऱ्या खात्याची माणसं घरी पाठवावी लागतात. अशी प्रकरणं तिथे दरवर्षी हजारो असतात. जरा डोळ्यांसमोर आणा : ज्याला बंदूक द्यायलाच नको होती, त्याच्या दारावर जाऊन ती परत मागायची. ८८ दिवसांत निकाल लागला नाही, तर प्रकरण यंत्रणेतून काढूनच टाकतात.

[काळा पडदा. मग एका इमारतीची पायरी, पत्रकारांची गर्दी.]

१० जुलै २०१५ रोजी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी चूक जाहीरपणे कबूल केली. कुटुंबांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टानं तो फेटाळला, वरच्यानं २०१९ मध्ये पुन्हा उभा केला, आणि २०२१ मध्ये सरकारनं ८ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मुदत वाढवली असती तर सगळंच थांबलं असतं, असं म्हणायला आम्ही धजावणार नाही. कधी कागद उशिरा येतो, कधी तो निघतच नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. हल्लेखोरावर मानसिक उपचारांचा आदेश कोर्टानं दिलेला होता, पण तो आदेश केंद्राच्या नोंदीत पोचलाच नव्हता, म्हणून दोन्ही पिस्तुलांना ‘द्या’ मिळालं. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये २६ जण गेले. तिथे हवाई दलानं आपल्याच माजी शिपायाची शिक्षा कळवली नव्हती. घरच्यांना मारहाण केल्याची शिक्षा होती ती.

काही राज्यांनी वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियात पडताळणी लगेच झाली तरी दहा दिवस थांबावंच लागतं. त्यात रागाचा झटका ओसरायला वेळ मिळतो, आणि स्वतःचा जीव घ्यायला निघालेल्यालाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे फारसं कुणी बोलत नाही.

देशभरासाठी तीन दिवसांचे दहा दिवस करणारं विधेयक जिम क्लायबर्न यांनी आणलं. ते साउथ कॅरोलायनाचेच खासदार. प्रतिनिधी सभेनं ते २०१९ मध्ये मंजूर केलं, २०२१ मध्ये पुन्हा केलं. सिनेटमध्ये दोन्ही वेळा ते अडलं. मधल्या २०२० साली, करोनाच्या भीतीत, पडताळणीच्या मागण्या विक्रमी, म्हणजे सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. मुदत तीच राहिली.

मग मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डी गावातल्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. महिन्याभरानं, २५ जूनला, राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली. २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत अल्पवयातल्या नोंदीही तपासायच्या, आणि शंका आली तर तीनऐवजी दहा दिवसांपर्यंत थांबायचं.

२१ वर्षांखालच्या.

[पुन्हा काउंटर. पुन्हा तोच कोरा फॉर्म, जन्मतारखेच्या चौकटीवर कॅमेरा थांबतो.]

चार्ल्सटनच्या त्या तरुणाला २१ वर्षं पूर्ण झाली ३ एप्रिल २०१५ रोजी. दुकानात तो आला ११ तारखेला.