आल्फाचा चाचणी चालक सानेसी

श्रोतेहो, नमस्कार. फॉर्म्युला वनच्या नोंदींत कॉन्साल्व्हो सानेसी हे नाव शोधलंत, तर हाती फारसं लागत नाही. १९५० आणि १९५१ मिळून ५ शर्यती, एकूण ३ गुण, आणि तेही स्वित्झर्लंडमधल्या एका चौथ्या क्रमांकाचे. पण ज्या आल्फा रोमिओवर १९५० साली फारिना आणि १९५१ साली फांजिओ जगज्जेता झाला, ती गाडी आधी तपासणाऱ्यांत हा माणूस होता. कामाने चाचणी चालक. संघात जागा असली की शर्यतीतही उतरायचा, आणि उतरला की कामगिरी दाखवायचा. १९४८ साली रँसच्या फ्रेंच ग्रांप्रीत आल्फाच्याच विमिलच्या मागे दुसरा आला होता.

जन्म १९११चा, टस्कनीतला. आल्फात आला तो मेकॅनिक म्हणून. त्या काळी चाचणी घ्यायची ती सरळ मोटाररस्त्यावर. आल्फाचा आधीचा नामांकित चाचणी चालक मारिनोनी, बेल्जियममधल्या स्पाची २४ तासांची शर्यत लागोपाठ तीनदा जिंकलेला माणूस, १९४० साली १५८, म्हणजे हीच आल्फाची शर्यतीची गाडी, तपासताना मिलानजवळच्या रस्त्यावर ट्रकला धडकून मरण पावला.

आता ही १५८ तपासायची म्हणजे काय, ते ऐका. दीड लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, हवा दाबून इंजिनात भरणारा सुपरचार्जर, आणि इंधन बहुतांश मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल. पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १५ पट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा पट. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त ओतावं लागतं. पण वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून सुपरचार्जरमधून तापून आलेली हवा गार होते आणि पिस्टन वितळत नाहीत. शेवटी शेवटी ही गाडी लिटरला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आली होती. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या मायलेज विचारणाऱ्यांनी हे ऐकलं नाही असं समजावं.

इंजिन सुरू करताना आधी गरम जातीचे स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारे, लावायचे, तेल तापलं की काढून शर्यतीचे थंड प्लग बसवायचे. हे विसरलं तर इंजिन तडतडायला लागतं. काम संपलं की साध्या पेट्रोलवर थोडं चालवून मिथेनॉल धुऊन काढायचं, नाहीतर ते सिलिंडरवरचं तेल खातं आणि धातूला गंज धरतो. आणि गाडी भरल्या टाकीनेही पळवायची, रिकाम्या टाकीनेही. दोनशे लिटर इंधन म्हणजे दीडशे किलोहून जास्त ओझं, मागच्या बाजूला. १५८चा मागचा आस, म्हणजे चाकं धरणारा दांडा, मधून दोन्हीकडे झुलणारा. टाकी भरलेली असली की मागचा भाग बसतो, चाकांचे माथे आत कलतात. टाकी रिकामी होत गेली की मागचा भाग उचलतो, चाकं उलटी कलतात आणि वळणावर शेपूट सुटते. म्हणून पुन्हा सांगतो, टाकी भरलेलीही आणि रिकामीही. एका फेरीवरून निकाल देणारा चाचणी चालक कामाचा नाही.

आता मला जे सांगायचंच होतं ते. २१ मार्च १९६४, फ्लोरिडातलं सेब्रिंग. बारा तासांची शर्यत, सकाळी दहा ते रात्री दहा. मार्ग म्हणजे युद्धकाळातली जुनी धावपट्टी, काँक्रीटच्या लाद्या, एक फेरी ८ किलोमीटरहून थोडी जास्त, आणि अंधार पडला की खरोखर अंधार. सानेसीला ५३ पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी. हाताखाली आल्फाची जुलिया टीझेड, दीड लिटरच्या जरा वरचं इंजिन, नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. त्याच मार्गावर पावणेपाच लिटरच्या आठ सिलिंडरच्या कोब्रा नावाच्या अमेरिकन गाड्या धावत होत्या.

हिशेब करा. समजा मागची गाडी ताशी २००ने येतेय आणि पुढची ६०ने चाललीय. फरक १४०चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. दिव्यात १०० मीटर पुढचं दिसत असलं, तरी हातात अडीच सेकंद. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे ना दिवा ना लाल पट्टी अशा चालतात, तिथेही हाच हिशेब असतो. त्यांना दंड नको, कारखान्याच्या फाटकावरच अडवा, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

रात्री, पिटजवळ, म्हणजे गाड्या इंधनासाठी आणि दुरुस्तीसाठी थांबतात तिथे, सानेसीची आल्फा हळू चालली होती. मागून बॉब जॉन्सनची कोब्रा आली. आल्फा त्याला वेळेत दिसली नाही. धडक मागून, आणि आल्फाने पेट घेतला. सानेसी आत.

जॉको मॅजिआकोमो नावाचा अमेरिकन शर्यतपटू तिथे होता. तो धावत सुटला, आगीत शिरला आणि सानेसीला ओढून बाहेर काढलं. पुन्हा सांगतो, एका शर्यतपटूने दुसऱ्याला जळत्या गाडीतून हातांनी बाहेर काढलं. जॉन्सनही वाचला. सानेसी भाजला, पण जगला.

शर्यत फेरारीच्या पार्क्स आणि मालियोलीने जिंकली. सानेसीची शर्यतीतली कारकीर्द तिथेच संपली. त्यानंतर तो आणखी ३४ वर्षं जगला, १९९८ साली वारला. आणि सेब्रिंगला त्या रात्री आपल्या इंजिनाच्या आकाराच्या वर्गात पहिली आली ती दुसरी एक टीझेडच.