सरकी चावणारी बाई

(हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात महिला दिनाला दिलेलं व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्यवसायातील महिला : संधी आणि आव्हाने’. तो अध्यक्षांचा. मी कापसाची व्यापारी, मला बोलायचंय सातबाऱ्यावर. पण आधी मेटाडोरचा किस्सा सांगते, नाहीतर मागचे काका उठून जातील.

माझा पहिलाच हंगाम. दिवाळी नुकतीच झालेली, काट्यापाशी मी एकटी. एक शेतकरी कापूस घेऊन आला. “मालक कुठी गेले, बाई?” म्हटलं, “मालकच बोलून राहिली तुमच्यासंग.” त्यानं तंबाखू मळली आणि अर्धा तास मालकांची वाट पाहत बसला. आमचे मालक शाळेत मास्तर. त्यांना कापूस माहीत तो गादीतला! (इथं बसलेत, हसताहेत. घरी गेल्यावर बघतील.)

शेवटी मीच गाडीवर चढले. वरचा माल लख्ख, कोरडा. कोपरापर्यंत हात घातला तर आत गारवा. मुठीत दाबलेला कापूस सोडल्यावर फुलेना. एक सरकी, म्हणजे कापसाचं बी, काढून दाताखाली धरली. कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसती चपटी होते. ही चपटी झाली.

“दादा, रात्री पाणी मारलं काय?”

“दव पडलं, बाई.”

“दव वरून पडते का खालून?”

आता ओलावा मोजायचं यंत्र आहे. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कटती, १२ च्या वर गाडी परत. तो शेतकरी अजून माझ्याकडेच येतो. पाणी मारणं सोडलं, असं मात्र मी म्हणत नाही.

हा किस्सा ऐकला की लोक म्हणतात, बाईची काय हिंमत! अहो, दात सगळ्यांनाच असतात. नजर दोन हंगामांत बसते. भांडवल बसत नाही. शेतकऱ्याला पैसे आज हवेत, कापसातून सरकी काढणारा जिनिंगवाला मला देतो आठ दिवसांनी. मधले आठ दिवस ज्याच्या खिशात, तो व्यापारी.

चिठ्ठी आली. हळदीकुंकवाला उशीर होतोय, पाच मिनिटं. बरं.

पुरुषाला हे आठ दिवस बापाच्या सातबाऱ्यावरच्या कर्जातून मिळतात. मी बँकेत गेले, साहेबांनी पहिला प्रश्न केला, “जमीन कोणाच्या नावावर?” १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगून टाकलं. आणि मी? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करून मोकळी! ओवाळणीत साडी मिळाली, चार एकर गेले. पुढं बँकेनं लिमिट, म्हणजे धंद्यासाठी उचल, दिलं ते मास्तरांच्या घरावर.

उद्योजिका कल्पना सरोज आपल्या मूर्तिजापूरकडच्या. बुडत चाललेली कमानी ट्यूब्ज कंपनी सावरली, २०१३ ला पद्मश्री झाल्या. प्रत्येक सभेत त्यांची जिद्द सांगतात. सुरुवात सरकारी कर्जावर झाली, एवढं गाळतात.

तेव्हा लेकीच्या लग्नाआधी तलाठ्याकडे... हो, हो, उठते. समोर बसलेल्यांपैकी कोणी हक्कसोडपत्र केलं असेल तर बाहेर भेटा, वकिलाचा नंबर देते. आणि पिशवीत सरकी आणली आहे, ओली-कोरडी दोन्ही. वाणासोबत घ्या, चावून पाहा.